दोन रानांतलं एक वाण

आमचा थोरला मामा रागीट होता म्हणणं म्हणजे निखाऱ्याला कोमट म्हणणं. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. तिळाशी मात्र तो लोण्याहून मऊ. वाळलेली पेंढी ताडपत्रीवर उलटी धरून काठीने इतकं हलकेच टकटक करायचा, की दाणे झरझर पडावेत आणि एकही बोंड मोडू नये. माणसांच्या वाट्याला ते लाड कधी आले नाहीत.

दोघे मामा एकाच बियाणं केंद्रात कामाला. थोरला माळावरच्या शेतात, धाकटा नदीकाठच्या चिकण रानात. तिळाची तीच वाणं दोन्हीकडे पेरायची. दोन्हीकडे टिकेल तेच पुढे जायचं. त्यातलं एक थोरल्याचं स्वतःचं होतं, एकेक झाड निवडून वर्षानुवर्षं जोपासलेलं. पोटच्या पोरासारखा त्याचा त्यावर जीव.

माळावर त्या वाणाने बाकीच्यांना पार मागे टाकलं. नदीकाठी ते उभ्याउभ्या वाळून गेलं.

हे कळलं तेव्हा आई आणि मी धाकट्याच्या घरीच होतो. थोरला तडक तिथे आला. हातात तीच काठी.

"पाणी तुंबवलंस ना मुद्दाम? जळतोस माझ्यावर!"

"नाही रे दादा, चर मी स्वतः खणले, शप्पथ..."

पहिला फटका तोंडावर बसला. दुसऱ्याने धाकटा खाली पडला, तरी हा झोडतच राहिला. खांद्याचं हाड मोडलं तो आवाज मी दारातून ऐकला. आई मध्ये पडली, तर तिला लाथ. तिचे पुढचे दात गेले. मला अजून त्या माणसाची चीड येते.

धाकट्याने केंद्रात सांगितलं, शिडीवरून पडलो. पुढच्या हंगामात त्याच्या जागी केंद्राने थोरल्यालाच नदीकाठी पाठवलं. त्याने आपलं वाण पेरलं, चर आणखी खोल केले, भर पावसात फावडं घेऊन उभा राहिला. पाणी कुठेच साचलं नाही, तरी झाडांनी माना टाकल्या. एक उपटून पाहिलं, तर मूळ काळं पडून सडलेलं. त्या वाणाला ती ओली जमीनच सोसत नव्हती. त्याने विळा घेतला आणि अख्खा वाफा सपासप कापून काढला. बोटं चिरली तरी थांबला नाही.

तसाच रक्ताळलेल्या हातांनी तो धाकट्याकडे आला. काठी त्याच्या मांडीवर ठेवून पुढ्यात बसला.

"मार मला. तोंडावर मार."

धाकट्याने काठी उचलली. ती छातीपर्यंत आली आणि तिथेच अडली.

"याहून वर हा हात जात नाही, दादा," तो म्हणाला.