मुद्दाम न पडणारा जोडीदार

माझा मामेभाऊ यशवंत आषाढात हिवतापाने वारला. निरोप आला तेव्हा मी महाडच्या शाळेत वर्गावर होतो. वर्ग सोडून पोलादपूरची वाट धरली. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

मामा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका गावाचे खोत. शेतं त्यांची, कसणारी माणसं त्यांची कुळं. यशवंतला महाडच्या जत्रेतली कुस्ती मारायची होती, पण तोडीचा जोडीदार गावात नाही, असं त्याला वाटे. म्हणून देवळामागच्या तालमीत तो स्वतःलाच अडचणीत टाकी. समोरच्याला पहिली पकड देई, कधी खाली बसून पाठ देई आणि म्हणे, "आता मला उठू देऊ नकोस." कमी ताकदीच्या माणसाकडूनही शिकता येतं, हा त्याचा विश्वास. तो खोटा नव्हता... माणसं कमी ताकदीची नव्हती, एवढंच.

एका संध्याकाळी धोंडू नावाच्या कुळाने त्याला उचलून चीत केलं. धोंडूच घाबरला आणि त्याच्या पाठीची माती झाडू लागला. यशवंत मात्र हसत होता. "अरे, इतकी वर्षं होतास कुठे रे?"

"हितंच हाय, धाकलं खोत. आज ध्यान ऱ्हायलं नाय."

त्या उत्तराचा अर्थ त्याला कळला नाही. रात्री जेवताना, अखेर जोडीदार मिळाला म्हणून, त्याने ही गोष्ट हौसेने मामांना सांगितली. मामा जेवत राहिले. पेरणीआधी धोंडूचं शेत त्यांनी दुसऱ्याला दिलं. यशवंत भांडला, रुसला. मामा एवढंच म्हणाले, "आज तुझी पाठ लावली, उद्या माझी लावतील." धोंडू बायकापोरांसह दासगावहून बोटीने मुंबईला गेला.

त्यानंतर तालमीत हात लागायच्या आत माणसं पडू लागली. "उभा राहा रे!" यशवंत ओरडे. "ऱ्हायलो तर खाऊ काय?" खालून उत्तर येई. तरीही तो जत्रेत उतरला. मुंबईहून आलेल्या एका गिरणीकामगाराने त्याला बघता बघता आसमान दाखवलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "खोतांनू, हितं कुळं नाय हायेत!" लोक पोट धरून हसले. यशवंत मान खाली घालून माझ्या शेजारून निघून गेला.

पुढे तो परसातल्या फणसाला कवेत घेऊन जोर करी. मी कारण विचारलं तर म्हणाला, "हा मुद्दाम पडत नाही." हे तो विनोदाने म्हणाला असावा, असं मी बरेच दिवस धरून चाललो... धोंडूला परत आणावं म्हणून मामांशी तो वर्षानुवर्षं बोलत राहिला. मामांनी ऐकलं नाही.

दहाव्याला नदीकाठी गावकरी मामांचं सांत्वन करत होते. "गावात धाकल्या खोतांची पाठ कुणी लावली नाय." मामांनी मान हलवली. ज्यांच्यासमोर ती लागली होती, तेच हे सांगत होते.

धोंडू मुंबईतच आहे. त्याचं शेत दुसरा कसतो.