मैत्री बाल्कनीत अडकली तो दिवस

मैत्री मूळची अकोल्याची. जर्मनीत बॉनच्या विद्यापीठात संशोधन करता करता तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि नवरा यशपाल दूर झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात लागला. तो शुक्रवारी यायचा, रविवारी परत जायचा. मधले दिवस तिचे एकटीचे. आई फोनवर विचारायची, "बरी आहेस ना गं?" ती म्हणायची, "मजेत." यशपाललाही तेच सांगायची.

जानेवारीतल्या एका मंगळवारी साचलेल्या बर्फावर पाऊस पडला आणि गोठला. बस बंद, ट्राम बंद. पहाटेच किटाचा, म्हणजे मुलांच्या पाळणाघराचा, मेसेज आला, आज मुलांना आणू नका. चार वर्षांची ईप्सिता आनंदाने ओरडली. दीड वर्षाचा ओजस ताई ओरडली म्हणून ओरडला. मैत्री मात्र लॅपटॉपकडे बघत राहिली. प्रबंधाचं एक प्रकरण तिला त्याच दिवशी पाठवायचं होतं, आणि त्यासाठी तिने आधीच दोनदा मुदत मागून घेतली होती.

उशांचा किल्ला झाला. कणकेचे उंदीर झाले, ते ओजसने खाल्ले. टबात होड्या सोडून झाल्या, भिंतीवर खडू ओढून झाले. लॅपटॉप उघडला की ओजस मांडीवर चढायचा. ईप्सिता जमिनीवर लोळत एकच पालुपद लावून बसली होती, "मिर इस्ट लांगवाइलिश!" कंटाळा आला. आणि अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

"थांब," मैत्री म्हणाली, "आपण बर्फ घरात आणू या."

शेगडीवर खिचडी शिजत होती. क्षणभराचं तर काम, म्हणून ती अंगातल्या स्वेटरवर, नुसत्या मोज्यांनी, घमेलं घेऊन बाल्कनीत गेली. तिच्या मागोमाग ओजस उंबरठ्याशी आला. 'त्याला बाल्कनीत जाऊ द्यायचं नाही' हे ईप्सिताला रोज बजावलेलं होतं. तिने त्याला मागे ओढलं, दार लोटलं आणि दाराच्या मुठीला लोंबकळली. मूठ खाली गेली. दार बंद. ते फक्त आतून, मूठ वर ढकलली तरच उघडायचं.

मैत्री हसली. "ईपू, उघड बाळा."

ईप्सिताने मूठ वर ढकलली. हलेना. दोन्ही हातांनी ढकलली. "गेट निश्त, आई! नाही होत!"

मैत्रीचं हसू मावळलं. फोन आत टेबलावर. तिसरा मजला. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने मदतीसाठी "हिल्फं!" म्हणून हाका मारल्या, समोरच्या बंद खिडक्यांतून कोणी डोकावलं नाही. काच फोडावी म्हणून तिने कुंडी उचलली, तर पलीकडे ओजस काचेला कपाळ टेकवून उभा. त्यांना मागे जा म्हणावं, तर मागे स्वयंपाकघर, आणि तिथे पेटती शेगडी. ईप्सिताला जिन्यात मदतीला पाठवावं, तर ओजस तिच्यामागे जाणार आणि जिन्यावरून गडगडणार. तिने कुंडी खाली ठेवली.

मग तिने मुलांना काचेशी धरून ठेवायचं ठरवलं. बर्फाचा ससा करून काचेला चिकटवला. त्याला कान लावले. ओजस टाळ्या पिटू लागला. मग हत्ती. मग मांजर. बोटं बधिर झाली, पायांखालचे मोजे लादीला चिकटू लागले. ती दात वाजत असताना गाणं म्हणत होती. तेवढ्यात ईप्सिताने नाक मुरडलं. "एस श्टिंक्ट." घाण वास येतोय.

खिचडी करपत होती. ओजस वास येईल तिकडे वळला आणि चालू लागला.

"ओजस! इकडे बघ! ओजस!" मैत्री काचेवर दोन्ही हात आपटू लागली. तो वळेना. काय करावं? आणि तिला खालच्या फ्राउ लेंट्झ आठवल्या. मुलं जरा धावली की त्या म्हाताऱ्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या.

"ईपू, उड्या मार! जोरात! ओजसला धर आणि दोघं उड्या मारा!"

ईप्सिता बघतच राहिली. "फ्राउ लेंट्झ शिम्फ्ट डोख!"

"रागावू दे! मार उड्या!"

ईप्सिताने भावाला खेचून आणलं. दोघं हात धरून धाडधाड उड्या मारू लागली, आणि बाहेर मैत्रीही रडत त्यांच्यासोबत उड्या मारत होती, त्यांनी थांबू नये म्हणून. आत धूर पसरत होता.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. ईप्सिता एकदम थांबली आणि पुढच्या दाराकडे बघू लागली. बेल वाजली होती.

"उघड! दार उघड!" ते दार मूठ खाली दाबली की उघडायचं.

फ्राउ लेंट्झ भांडायलाच आल्या होत्या. धूर बघून त्या आधी स्वयंपाकघरात धावल्या, शेगडी बंद केली, मग बाल्कनीचं दार उघडलं. मैत्री आत कोसळली. त्यांनी तिचे पाय टॉवेलमध्ये गुंडाळले, तोंडाने सारखं रागावतच होत्या. शेवटी विचारलं, "तुमचं इथे कोणीच नाही?"

मैत्रीने दोन्ही मुलांना कुशीत ओढून घेतलं.

संध्याकाळी ती फोनवर यशपालला म्हणाली, "मला जमत नाहीये. आज नाही, कधीपासूनच नाही जमत."

"तू कधी बोललीच नाहीस."

"आता बोलतेय. ये तू."

बर्फ वितळताच तो आला, आणि मार्चपासून त्याने मुलांसाठी वर्षाची रजा घेतली. ते प्रकरण त्या दिवशी गेलं नाही. प्राध्यापकांनी कोरडं उत्तर पाठवलं आणि प्रबंध आणखी लांबला. मैत्री आता रोज प्रयोगशाळेत जाते. पण काम करता करता मध्येच उठते, घरी फोन लावते, आणि दोन्ही मुलांचे आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नाही.