ढगे सर आणि प्रतिपिंडाचा आकार

प्रा. मुंजाजीराव ढगे सरांशी माझी ओळख बोलणी खाऊनच झाली. परभणीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत शिरले, तर सर फरशीवर बसून ज्वारीच्या भेंडाचे तुकडे काड्यांना टोचत होते. "लेकरासाठी बैलगाडी का सर?" मी विचारलं. "बैलगाडी न्हाई बाई, प्रतिपिंड हाय! नुसती काय बघायलीस? धर इकडून, मोडंल."

रोगाशी झुंजणारं हे प्रतिपिंड पाण्यात तरंगताना कसं दिसतं, हा सरांचा ध्यास. द्रावणावर क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात त्याचा आलेख काढायचा आणि तो जुळेपर्यंत प्रतिकृती मोडून पुन्हा बांधायच्या. गणित चुकलं की सर असे तापत की विचारू नका! पण तासाभरानं स्वतःच चहा घेऊन येत. तो चहा पिणं ही आणखी एक शिक्षाच.

क्ष-किरणांचं यंत्र हैदराबादला. नमुना बर्फात ठेवून मी रेल्वेनं नेत असे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एकदा आंदोलनात गाडी परभणीपुढच्या पिंगळी स्टेशनातच दिवसभर अडकली आणि बर्फाचं पाणी झालं. परत फिरले असते तर यंत्रावरची पाळी गेली असती. नांदेडला गोळेवाल्याकडून बर्फ घेतला, पुढे गेले आणि कुणाला काही बोलले नाही.

उष्णतेनं प्रतिपिंडं एकमेकांना चिकटली होती. आलेखात आकार भलताच मोठा आला आणि नवंच काही सापडलं म्हणून सरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी लेख लिहिला. त्यावरच त्यांची बढती ठरणार होती. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलं.

पोस्टाच्या दारातून मी माघारी आले आणि रडत सगळं सांगितलं. संपली आपली पीएच.डी., असंच वाटलं. सरांनी माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं. मग म्हणाले, "त्या दिवशी गाडीत काही खाल्लंस का न्हाई?"

लेख त्यांनी फाडला. बढती दुसऱ्याला मिळाली. आम्ही नव्यानं नमुना तयार केला, आणि बिघडलेला आलेखही प्रबंधात घालायला सरांनी लावला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. "हा निष्काळजीपणा कुणाचा?"

"माझा," सर चटकन म्हणाले. "पोरीला मी आकार विचारला, बर्फाचं विचारलंच न्हाई."

आणि मी मेली गप्प बसले! पदवी घेऊन घरी आले.

सरांची साठी आज आपण सारे साजरी करत आहोत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या हातून आणखी कैक प्रतिकृती मोडोत आणि जुळोत. आणि सर, तो निष्काळजीपणा तुमचा नव्हता. माझा होता. इतकी वर्षं तुम्ही तो स्वतःच्या नावावर ठेवलात. आज सगळ्यांदेखत मी तो माझ्या नावावर घेते.