सहा टक्के गोडी

ज्येष्ठमधाचा अर्क काढणाऱ्या त्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे ‘जीभ’ म्हणत. अर्थात पाठीमागे, पण कारखान्यात पाठीमागचं पाठीमागे राहतं थोडंच! शेतातून नवी मुळी आली की यंत्र सुरू होईपर्यंत बाई एक तुकडा चघळत आणि सांगून मोकळ्या होत, “सहा.” तासाभराने यंत्रही तेच म्हणे: ग्लिसिरायझिन सहा टक्के. मुळीला साखरेच्या कितीतरी पट गोड करतं ते हे द्रव्य. वीस वर्षांत बाईंनी त्याला आकड्यापलीकडे कधी ओळखलंच नव्हतं.

तपासून उरलेली मुळी फेकायला जीव होत नसे. ती पिशवीतून घरी जाई. नवरा शाळामास्तर, घसा कायमचा बसलेला. दिवसभर दाढेत काडी. “लोकांच्या बायका गोड बोलतात,” तो म्हणायचा, “माझी लाकूड चारते, तेही गोड!”

दोन महिन्यांपूर्वी चालता चालता त्याच्या पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब चढलेला आणि रक्तातलं पोटॅशियम तळाला.

“घरी दुसरं काही घेतात का? औषध, काढा?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे हो, काही नाही,” बाई म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मुळी हे त्यांचं रोजचं काम. तिला औषध कोण म्हणतं? तिसऱ्या दिवशी मास्तरांचं हृदय थांबलं. बाई रडल्या नाहीत. आतून काही येईचना.

आज साहेबांनी अर्काच्या नव्या डबीवरचा मजकूर त्यांच्या हातात दिला. “चुका तेवढ्या बघा.”

चूक एकही नव्हती. शेवटची ओळ होती: रोज घेतल्यास ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. बाईंनी ती दोनदा वाचली. तेव्हा डॉक्टरांना एक शब्द सांगितला असता, तर मास्तर कदाचित घरी आले असते.

“बाई, नवीन माल आलाय,” गोदामवाला दारातून म्हणाला. “काय म्हणतेय मुळी?”

हात सवयीने पोत्यात गेला. निदान आज तरी कडू लाग, असं बाईंनी मनात म्हटलं आणि तुकडा दाढेखाली धरला. नेहमीपेक्षाही गोड लागला.

“सात,” त्या म्हणाल्या.

तासाभराने यंत्रानेही सातच सांगितले.