घरा हाड रे म्हाराजा

आधीच सांगते, मी डिचोलीच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात जास्त थट्टा मीच करते. तरी हे लिहितेय... कारण आता मनात ठेवणं झेपत नाही.

माझं माहेर पेडणे तालुक्यातलं पार्से. घरामागे काजूची बागायत आणि तिच्या टोकाला चिरे टाकून बुजवलेली विहीर. आमचा काका बोटीवर नोकरीला गेला आणि तिकडेच राहिला, असं सगळा गाव समजतो. तो गेलाच नाही. जमिनीच्या भांडणात बाबांनी त्याला त्या विहिरीत ढकललं आणि मग ती बुजवली. मी आणि धाकटी सुलू काजू वेचत होतो, दोघींनी पाहिलं. आईने त्याच संध्याकाळी आम्हाला नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. बोललात तर बाबा फासावर जातील, एवढंच म्हणाली.

आईबाबा गेल्यावर सुलू म्हणाली, पोलिसांना सांगूया. मी म्हटलं, माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत, तोंड बंद ठेव. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. तिने लग्न केलं नाही, त्याच घरात एकटी राहिली.

यंदा काजूच्या दिवसांत अचानक तिचा मेसेज आला — "ताई, घसो पुरो बसलो. आवाजच येना. गाऱ्हाणां घालूक येशीत मां?"

आमच्याकडे काजू वेचायच्या आधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबांनंतर आई घालायची, मग सुलू. आमच्या राखणदाराचा दगड नेमका त्या विहिरीजवळ.

मी गेले. भर सकाळ, लख्ख ऊन, पडलेल्या बोंडांचा आंबूस वास. सुलूने नारळ पुढे केला. पार वाळली होती. मी सुरुवात केली.

"बा राखणदारा, तुका नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे. पोराबाळांक सांबाळ रे म्हाराजा!"

सुलूचे नुसतेच ओठ हलले. मी पुढे गेले. माझं सासर पाळी गावचं. तिथे दरवर्षी ऐकलेली ओळ आपसूक तोंडात आली — "जो कोण वाटेर आसा, बोटीर आसा, तेका सुखरूप घरा हाड रे म्हाराजा!"

सुलूने माझं मनगट घट्ट धरलं. तेव्हा लक्षात आलं... घरी आणायची ही ओळ आई कधीच म्हणायची नाही.

आणि चिऱ्यांखालून पुरुषाचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

बागायतीत आम्ही दोघीच होतो — आणि सुलूला तर आवाजच नव्हता! हात धरून आम्ही घराकडे पळालो. दाराचं कुलूप जसंच्या तसं. पण पाय धुवायचा दगड ओला होता आणि तांब्या पालथा. बाहेरून आल्यावर पाय धुऊन तांब्या पालथा घालायची सवय एकट्या काकाला होती. आई त्यावरून त्याच्यावर ओरडायची.

मी सुलूला माझ्याकडे चल म्हणून विनवलं. तिने नकारार्थी मान हलवली. घसा सुटल्यावर तिचा फोन आला.

"ताई, तो घरातच आसा. दुकानार गेलंय तरी माझ्या पाठसून येता. म्हणान मी तुझ्या घराक येवक नाय. तू हाडलंस तेका, आता तूच धाड."

गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत मी पेडण्यापासून फोंड्यापर्यंत फिरले. घरी आणायची ओळ सगळ्यांना येते. परत पाठवायची कुणालाच येत नाही. भास म्हणा, योगायोग म्हणा, सगळं मांडून पाहिलं. उत्तर जुळत नाही.

पण बहिणीला तिथे किती दिवस एकटं सोडू? काल मी तिचं काही न ऐकता तिला डिचोलीला घेऊन आले. आता ती माझ्या मुलींच्या खोलीत गाढ झोपलीय.

आमच्या फ्लॅटमध्ये तांब्या नाही. बाथरूममध्ये नळाखाली प्लास्टिकचा मग असतो.

तो पालथा घातलेला आहे.