रंजनाची तराई

सकाळची शाळा होती. फळ्यावर चौथीच्या मुलांसाठी भागाकार मांडत होते, तेवढ्यात विलासचा, माझ्या दिराचा, फोन आला. "वैनी, रंजना गेली." मी "बरं" म्हणाले. फोन पर्समध्ये ठेवला आणि भागाकार पुरा केला. मुलांनी तो वहीत उतरवून घेईपर्यंत खडू धरून उभी राहिले... आता सहा आठवडे झाले. त्या "बरं"च्या पुढे मी फारशी गेलेली नाही.

रंजना माझी धाकटी जाऊ, विलासची बायको. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या घरामागच्या पडीक तुकड्यावर तिने सिमेंटचे ब्लॉक पाडायला सुरुवात केली, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. विलास मशीन आणि ट्रक सांभाळायचा. पाणी मात्र तिचं. साच्यातून निघालेला ब्लॉक दिसायला घट्ट असतो, पण पुढचे दोन आठवडे तो ओला राहिला नाही तर आतून भुसभुशीत राहतो. आमच्याकडे या पाणी देण्याला तराई म्हणतात. आधी ती हातात पाइप धरून पाणी मारायची. मग माहेरच्या सोयाबीनच्या शेतातले जुने स्प्रिंकलर आणून बसवले. त्यांच्या जाड थेंबांनी ताज्या ब्लॉकचे कोपरे झिजायला लागले, तेव्हा रोपवाटिकेत वापरतात तसे धुक्यासारखं पाणी उडवणारे बारीक नोझल तिने चंद्रपूरहून आणले. बसमधून, मांडीवर पिशवी ठेवून. नळी कापायची, नोझल बसवायचं, अडकलेली रेती सुईने काढायची, सगळं तीच करायची. पदर ओला, नखांत सिमेंट. मी हसायचे. ती म्हणायची, "बाई, सिमेंटले तहान लागते. येळेवर पाणी नाई भेटलं त मंग किती बी पाजा, उपेग नाई."

दोन उन्हाळ्यांपूर्वी गावातले हातपंप आटले. आमच्या बोअरला पाणी होतं. एका सकाळी मोहल्ल्यातल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी आल्या. पुढे यशोदाबाई होत्या. आत नोझल फवारत होते. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आमी घोटभर पान्यासाठी फिरून राह्यलो, अन् तू दगडाले आंघोळ घालून राह्यली?" रंजनाने मोटर बंद केली, पाइप ओढत फाटकापर्यंत आणला. बाया गेल्यावर मीच तिला म्हणाले, "आता ते फवारे कायमचे बंद कर. यांची लेकरं माझ्या वर्गात बसतात. मला गावात तोंड दाखवायचंय."

तिने बंद केले. त्या ओढाताणीत एक थप्पी उन्हात तडकली. एटापल्लीकडच्या एका वसतिगृहासाठीचा माल होता तो. ठेकेदार म्हणाला, चालतील, वरून प्लास्टर होईल. रंजनाने त्याच्यासमोर घण उचलला आणि थप्पी फोडायला घेतली. "त्या भिताडापाशी लेकरं झोपतीन," एवढंच म्हणाली. त्या थप्पीचा तुकडा न् तुकडा नंतर फाटकासमोरच्या खड्ड्यात गेला. पुढे तिने गोणपाट आणले. सकाळी भिजवून थप्प्यांवर पांघरायचे, दुपारी पुन्हा भिजवायचे. पाणी कितीतरी कमी लागायचं. पाऊस चांगला झाला, हातपंप भरले, तरी गोणपाट राहिले ते राहिलेच.

या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी ओला गोणपाट उचलताना घोणस चावली. मनगटावर. गारव्याला आली असणार. गाडीत बसवतानाही ती सांगत होती, "बाई, कामावरच्या बायांले म्हना, काठी मारल्याबिगर हात घालू नका." चंद्रपूरला नेलं. लस दिली, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी लघवी थांबली. चेहरा सुजला होता, तरी तिने विचारलं, "तराई झाली का आज?" मी म्हणाले, "झाली." झाली नव्हती. कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तिने डोळे मिटले... माझ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं.

त्या रात्री मी गावी परतले. पहाटे उठून काठीने एकेक गोणपाट उलटला, पाणी मारलं आणि शाळेत गेले. मग तो फोन.

मी फवारे बंद करायला सांगितले नसते तर गोणपाट आले नसते. हे मी विलासला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तिले पटलं नसतं त तिनं तुमचं आयकलं असतं काऊन, वैनी?" मला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाईट तरी वाटायला हवं होतं. मी चहा ठेवला.

मागच्या आठवड्यात तिने पाडलेली शेवटची थप्पी गेली. गेरूने लिहिलेली तारीख तिच्याच अक्षरात होती. विलासने दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहिले, खणखणीत वाजले. "पक्के झाले," तो म्हणाला. तारखेचा ब्लॉक काढून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणाले. ती असती तर तो भिंतीतच गेला असता. ट्रक सूरजागडच्या बाजूला निघून गेला. थप्पी होती तिथली जमीन सकाळच्या तराईने अजून ओली होती, काळसर, लांबट चौकोन. ऊन चढत होतं. कडेपासून तो आत आत पांढरा होत गेला. पूर्ण वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग मोटर सुरू केली आणि त्या कोरड्या मातीवरच पाणी मारत बसले.