अक्काचं घड्याळ

दैवशाला माझी थोरली जाऊ. म्या तिला अक्का म्हणते. तिची लेक निकिता झाली, त्या बाळंतपणात ताप आला आन् अक्काचे कान गेले ते गेलेच. उशाशी हलगी बडवा, तिला पत्ता न्हाय. पण शेवंती फुलवावी तर अक्कानंच. येरमाळ्याला देवीच्या वाटंवर शरणबसप्पाचं दुकान हाय, तिथं आमची दोघींची फुलं पहिल्या गाडीनं जातात.

थोरले भावजी होते तवर तिला उठायची काळजी नव्हती. ते आधी चूल पेटवायचे, पाणी ठेवायचे, मग तिच्या पायाचा अंगठा धरून हळूच हलवायचे. म्हणायचे, निजलेल्या माणसाला दचकवू नये. आम्हा बायांना तिचा लई हेवा वाटायचा. आमच्या घरी नुसती बोंबाबोंब!

भावजी गेले आन् अक्काची सकाळच बिघडली. शेतातल्या घरात एकटी, आतून कडी. म्या दार बडवून हात सुजवले, ही आत गाढ. माझ्याकडं निजायला या म्हणलं, तर त्यांचं घर सोडायला तयार न्हाय. दोनदा गाडी चुकली तवा शरणबसप्पा म्हणाला, "काकू, आणखी एकदा असं झालं तर फुलं दुसरीकडनं घ्यावी लागतील." म्या खुणेनं समजावलं तसं अक्काचं तोंड एवढंसं झालं. तिचं पोट त्या फुलांवरच, आन् लेकीपुढं हात पसरायचा स्वभाव न्हाय.

निकिता पुण्याहून आली ती मनगटावर बांधायचं घड्याळ घेऊनच. मोबाईलवर गजर लावायचा, वेळ झाली की घड्याळ थरथरतंय म्हणं. पहिल्याच पहाटे अक्काला वाटलं, इंचूच चढला! दिलं झटकून. घड्याळ कोपऱ्यात, अक्का छाती धरून बसलेली. "असलं दचकून उठणं नगं बाई," म्हणाली. म्या हातवारे करकरून भांडले, "लेकीनं एवढ्या हौसेनं आणलं आन् तुमची ही नाटकं! गाडी चुकली तर माझ्यापुढं रडू नगा."

दुसऱ्या दिवशी म्या रागातच दार बडवायला गेले. तर दार उघडं, चूल पेटलेली, आन् अक्का उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्याची चिंधी सोडतीया. चिंधीत घड्याळ! अगं बया! म्या हसून हसून खालीच बसले.

"हितं बांधलं की दचकत न्हाय," अक्का म्हणाली. "ह्येंचाच हात वाटतुया."

माझं हसू तिथंच थांबलं. भावजींची लई आठवण आली. म्या तिची टोपली उचलली.

तवापासनं अक्काची गाडी चुकली न्हाय. परवा फाट्यावर उभं असताना म्या खुणेनं विचारलं, आता सवय झाली असंल की, घड्याळ कशाला बांधता?

अक्का लाजली. "जाग तर आधीच येती गं," म्हणाली. "पण अंगठा हलेपर्यंत पडून ऱ्हाते."